मेणबत्तीची सावली

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला की आमच्या घरात दोन वेळा चालू होतात. फोन आपले आपणच एक तास मागे येतात, हॉलमधलं घड्याळ समीर खुर्चीवर चढून मागे करतो, पण ओव्हनवरचं घड्याळ कसं बदलायचं हे आम्हा नवराबायकोला सहा वर्षांत जमलेलं नाही. दोघंही कम्प्युटरवर पोट भरणारी माणसं. मग मार्चपर्यंत ओव्हन उन्हाळ्यात राहतो आणि आम्ही हिवाळ्यात. लॅपटॉप मिटून मी चहा टाकायला उठते तेव्हा ओव्हन साडेपाच म्हणत असतो, खरे साडेचार असतात, आणि खिडकीबाहेर दिवेलागण होऊन गेलेली असते. यंदाही परवा तसंच झालं. आधण ठेवलं, हात आपोआप दोन कपांकडे गेला आणि मग लक्षात आलं की दुसऱ्या कपाचे मालक सांगलीत आहेत.

ते म्हणजे बाबा, माझे सासरे. तीन वर्षांपूर्वी, सासूबाई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, ते सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे इंग्लंडात, रीडिंगला आले होते. मे अखेरीला आले आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परत गेले. सहा महिन्यांतले पाच मला धड आठवत नाहीत. कुंडीतले टोमॅटो, नदीकाठचे बाक, रात्री साडेनऊला मावळणारं ऊन, एवढंच. उन्हाळ्यात माणसांना एकमेकांशी बोलावं लागत नाही, बाहेर इतकं काही चाललेलं असतं. मला आठवतो तो शेवटचा महिना. घड्याळ मागे गेलं, चार वाजता घर बंद झालं, रेडिएटर टिकटिक करायला लागले, त्यांच्यावर वाळत घातलेल्या मोज्यांचा दमट वास हॉलभर पसरला, आणि सासरे आणि सून एका सोफ्याच्या दोन टोकांना बसून राहिले.

बाबा वीज खात्यातून रिटायर झाले. दिवसभर गावाला उजेड पुरवायचा आणि संध्याकाळी नाटकाला, असं त्यांचं आयुष्य. हौशी नाटकांचे प्रकाशयोजनाकार. जाहिरातीत हा शब्द फार भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात तेलाच्या रिकाम्या डब्यांचे स्पॉट, रंगीत जिलेटीनचे तुकडे आणि मिठाच्या पाण्याचा डिमर. हा डिमर त्यांनी मला कागदावर काढून दाखवला होता. चिनी मातीचा सांडपाण्याचा पाइप उभा करायचा, मिठाच्या पाण्याने भरायचा आणि वरून तांब्याची पट्टी आत सोडायची. पट्टी वर ओढली की स्टेजवर संध्याकाळ, खाली सोडली की सकाळ. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहता या यंत्राने त्यांना चार वेळा शॉक दिला असेल असं कोणाला वाटलं नसतं.

समीरला मात्र नाटकाचं नाव काढलेलं चालायचं नाही. आमच्याकडे सगळा उजेड नाटकाला जायचा, घरी उरायचा तो कंदील, असं तो लग्नाआधीच मला म्हणाला होता. हसत म्हणाला होता, पण मी काही इतकी बावळट नाही. बापलेकांचं बोलणं म्हणजे हवामान, गाडीच्या टायरमधली हवा आणि आज ट्रेन किती लेट. एकमेकांवर राग नव्हता. सवय नव्हती.

तर त्या ऑक्टोबरात बाबांनी एक सिनेमा आणला. त्यांना चॅरिटी शॉपचं भारी वेड. लोकांनी देऊन टाकलेले टेबललॅम्प उलटे करून त्यांची वायरिंग बघायची, हा त्यांचा सकाळचा विरंगुळा होता. एकदा येताना लॅम्पऐवजी एक डीव्हीडी घेऊन आले. किमतीच्या स्टिकरखाली सिनेमाचं अर्धं नाव गेलं होतं, उरलं होतं फक्त ‘ऑफ द काउंटेस’. चित्रावर पांढऱ्या झग्यातली एक घाबरलेली मुलगी, हातात मेणबत्ती. मी विचारलं, हे का आणलं? तर म्हणाले, हिने मेणबत्ती डोक्याच्या वर धरलीये आणि तोंडावर उजेड खालून येतोय, ही काय भानगड आहे ते बघायचंय.

असा आमचा काउंटेसचा सिनेमा सुरू झाला. इटलीत कधीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी, बहुतेक पंधरा दिवसांत आणि नक्कीच फार थोड्या खर्चात काढलेला. गोष्ट अशी की एक गरीब मुलगी एका काउंटशी लग्न करून डोंगरावरच्या त्याच्या भल्यामोठ्या घरात येते. काउंटची पहिली बायको मेलेली आहे, पण मेल्यासारखी वागत नाही. पावलं वाजतात, पियानो वाजतो, दुधात कोणीतरी काहीतरी मिसळतं. एक काळ्या कपड्यातली हाउसकीपर आहे जी दारातून आत यायचं सोडून नेहमी पडद्यामागून निघते. शेवटी सगळं भूतबीत काही नसून घरच्या डॉक्टरचं कारस्थान असतं. हे पहिल्या वीस मिनिटांत आम्हा दोघांना कळलं होतं, कारण आख्ख्या सिनेमात तो एकटाच गृहस्थ चांगला वागत होता.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. सवयीने मी कागद घेऊन बसले. वरचा मजला आणि खालचा मजला यांचा जिना एकच, फक्त भिंतीवरची तसबीर बदलली. काउंटेसने रागाने दार आपटलं आणि दगडी भिंत चादरीगत हलली. विजा तीन प्रकारच्या, त्याच त्या क्रमाने. सगळं इंग्रजीत डब केलेलं, त्यामुळे काउंटचे ओठ मिटल्यावरही दोनतीन शब्द त्याच्यातून गळत राहायचे. पहिल्या दिवशी माझ्या यादीत एकतीस चुका झाल्या. मी विजयी मुद्रेने ती बाबांना वाचून दाखवली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "या चुका नाहीत गं. हे भागवणं आहे."

मग त्यांनी ती यादी माझ्याकडून काढून घेतली आणि एकेका ओळीची वकिली केली. जिना एकच मिळाला असेल, मग त्याने तसबीर बदलली, केवढी अक्कल. भिंत कापडाची आहे, पण रंग कसा मारलाय बघ, हलेपर्यंत तुला दगड वाटला ना? नामावलीत दिग्दर्शकापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांची नावं इंग्रजी होती. इटालियन माणसांनी घेतलेली टोपणनावं, सिनेमा बाहेर खपावा म्हणून. ते कळल्यावर बाबा बराच वेळ हळहळले. बिचाऱ्यांनी दुसऱ्याचं नाव लावून दिवे धरले, म्हणाले. ऑफिसात ‘सॅम’ झालेला त्यांचा मुलगा तेव्हा ट्रेनमध्ये असणार.

भागवणं. हा शब्द मी जन्मभर ऐकत आले होते, पण तो बघितला त्या महिन्यात. तहान भागते, भूक भागते, गरज भागते. साखर संपली की गुळावर भागवतात. शब्दात तक्रार नाही आणि बढाईही नाही. नसलेल्या वस्तूकडे बोट न दाखवता असलेल्या वस्तूने वेळ निभावून न्यायची. आणि आजी-पणजींच्या मराठीत भागणं म्हणजे दमणंही. मला वाटतं हे दोन्ही अर्थ एका शब्दात राहायला आले ते उगीच नाही.

सिनेमा आम्हाला इतका आवडला की संपल्यावर दुसऱ्या आठवड्यात परत लावला. माझं काम चारला संपायचं. चहा, बरोबर मेतकूट-पोहे नाहीतर टोस्ट, आणि काउंटेस. साडेपाचला सिनेमा संपायचा, सव्वासहाला समीर यायचा. बाहेर ओल्या पानांचा लगदा फुटपाथवर पसरलेला, शेजारची मुलं दिवाळी आणि इथली फटाक्यांची बॉनफायर नाइट यांच्यात काही फरक न करता आठवडाभर बाण उडवत होती. बाबांनी चॉकलेटांच्या पिवळ्या पारदर्शक कागदांचा आकाशकंदील करून खिडकीत टांगला होता. त्याचा उजेड समोरच्या ओल्या गाड्यांवर पडायचा. मला एवढ्या वर्षांत इथला अंधार आवडला असेल तर तेवढ्याच दिवसांत.

दुसऱ्या वेळी बघताना बाबांनी मला मेणबत्ती दाखवली. नवी नवरी हातात मेणबत्ती घेऊन लांबलचक बोळातून चाललीये, भिंतीवर तिची सावली तिच्याबरोबर सरकतेय.

"थांबव," बाबा म्हणाले. "सावलीच्या हातात बघ काय आहे."

"मेणबत्ती."

"पेटलेल्या ज्योतीची सावली पडते का कधी? ती स्वतःच उजेड. तिची अशी काळीभोर सावली पडायची तर तिच्याहून दांडगा दिवा पलीकडे हवा. म्हणजे तिथे एक माणूस आहे, दिवा धरून. नवरी चालते तसा तो चालतोय, पायाखालच्या वायरी सांभाळत. आपल्याला वाटतं मेणबत्तीने दिसतंय. दिसतंय ते त्याच्यामुळे."

मी ती बत्तिसावी चूक म्हणून लिहायला घेतली होती. लिहिली नाही. त्यानंतर तो बोळ आला की बाबा सरसावून बसायचे आणि म्हणायचे, आला बघ आपला माणूस. मलाही त्या न दिसणाऱ्या गृहस्थाचा लळा लागला. काउंट मेला तरी आम्हाला काही वाटायचं नाही, पण बोळ संपला की चुकल्यासारखं व्हायचं.

मधे एक सांगायचं राहिलं. आमचा जिना उघड्या लाकडाचा, अरुंद आणि चढा. इथल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या जुन्या टेरेस घरांतले असतात तसा. बाबा आल्यावर आठवड्याभरातच समीर एके दिवशी पांढऱ्या टेपचा रोल घेऊन आला आणि प्रत्येक पायरीच्या काठाला पट्टी लावत बसला. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, ऑफिसमध्ये हेल्थ अँड सेफ्टीचं ट्रेनिंग झालं. जिना म्हणजे सगळ्यात डेंजरस." ऑक्टोबरात त्याने सगळ्या खोल्यांतले मंद पिवळे दिवे काढून लख्ख पांढरे लावले. विजेच्या बिलावरून माझ्याशी वाद घालणारा माणूस. मी म्हटलं, हॉलचं ऑपरेशन थिएटर झालंय. तर म्हणाला, इथे हिवाळ्यात माणसं डिप्रेस होतात, वाचलंय मी. घर गोऱ्यांसारखं सेफ आणि ब्राइट करायचं खूळ डोक्यात शिरलंय, अशी मी माझी समजूत करून घेतली.

आता मांजर.

सिनेमात एक जेवणाचा प्रसंग आहे. लांब टेबल, काउंट आणि काउंटेस दोन टोकांना, भयाण शांतता. आणि पडद्याच्या अगदी डाव्या कोपऱ्यात खालून एक मांजर येतं, बसतं, पंजा चाटतं, आणि बाहेरून कोणाचा तरी हात येऊन त्याला मानगूट धरून ओढून नेतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी इतकी हसले की चहा सांडला. बाबाही हसले, पण जरा उशिरा. दुसऱ्या वेळी म्हणाले, मांजर गेलं का? मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. तिसऱ्या खेपेला, एका मंगळवारी, मांजर येऊन गेल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मांजराचा रंग कोणता हो?

"काळं," बाबा म्हणाले. "अशा सिनेमात काळंच असणार."

मांजर तांबूस-पिवळं होतं, इथे ज्याला जिंजर म्हणतात ते.

आमच्या कामात एक चूक पकडली की मागच्या दहा आपोआप उलगडतात. बशीच्या कडेला सांडलेला चहा. दाराच्या चौकटीला घासणारा खांदा. शेजारी बसलेल्या माणसाकडे बघायला आख्खं तोंड वळवणं. अंधार पडला की चालायला जायचं टाळणं. आणि फ्रिजमधला तो मेतकुटाचा डबा. त्यात मेतकुटाच्या पिशवीखाली डोळ्यांच्या थेंबांच्या चार बाटल्या मला सकाळीच सापडल्या होत्या. म्हणजे मी सहज विचारलं नव्हतंच. मी त्यांची परीक्षा घेतली होती, आणि आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

बाबांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी मला सिनेमा थांबवायला सांगितलं. काउंटेस तोंड उघडं टाकून तशीच राहिली.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. मिरजेच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचं. दोन्ही विंगा गेल्या बघ, मुग्धा. मधलं स्टेज अजून लख्ख दिसतं."

मी समीरचं नाव काढणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. समीरला कळलं की तो त्याच दिवशी पुण्याला बहिणीला फोन करणार. वंदनाताई गाडी घेऊन एअरपोर्टवर हजर होणार, आणि बाबांची रवानगी थेट तिच्या बाराव्या मजल्यावर. ती प्रेमानेच नेणार, त्यात शंका नव्हती. पण मग सांगली संपली. तालमीची खोली संपली, चहाची टपरी संपली, चाळीस वर्षांची चार टाळकी संपली. डिसेंबरात एक नाटक होतं, स्पर्धेचं. दोनच पात्रं, सगळा खेळ स्टेजच्या मध्यावर. बाबांनी दिवे करायचं कबूल केलं होतं. तेवढं होईपर्यंत मी गप्प राहावं.

"आणि नाही नीट दिसलं तर?"

"भागवीन."

मला त्या शब्दाचा राग आला. आदल्या आठवड्यात ज्याच्यावर मी इतकी लुब्ध झाले होते तोच शब्द. जिन्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलं तर कशावर भागवणार? आणि मोडलं तर समीरला मी काय सांगणार होते, की मला माहीत होतं पण नाटक होतं? मी हे सगळं बोलून दाखवलं. मोठ्यांशी बोलू नये अशा आवाजात बोलले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, तुझं सगळं खरं आहे. आणि पुढे काहीच म्हणाले नाहीत, तेच वाईट. माणसाने वाद घातला तर नाही म्हणता येतं.

मी दोन अटी घातल्या. थेंब रोज वेळेवर, त्याचा अलार्म माझ्या फोनवर. आणि नाटक झालं की दुसऱ्या दिवशी समीरला स्वतः फोन करून सांगायचं. त्यांनी मान्य केलं. मी सिनेमा पुढे चालू केला, आणि कोपऱ्यात काय काय चाललंय ते आता मी त्यांना सांगू लागले. डावीकडे पडदा हलतोय. हाउसकीपर आली. उजवीकडे खिडकीत वीज. ते मान हलवायचे. आमची खरी ओळख झाली ती त्या तीन आठवड्यांत.

पण समीर घरी आला की खरी कसरत सुरू व्हायची. त्या डब केलेल्या सिनेमासारखी आमची गत झाली होती, ओठ एक हलायचे आणि ऐकू दुसरंच यायचं. बाबा म्हणायचे, आज लवकर झोपतो, थंडी आहे. म्हणजे जिन्यावरचा दिवा चालू आहे तोवर चढून घेतो. मी म्हणायचे, बाबा, तुमचं पाणी मी वर ठेवते. म्हणजे परत उतरू नका. समीर चष्मा पुसत विचारायचा, जेवायला काय आहे. मी त्याच्याकडे बघून मनात म्हणायचे, किती रे सुखी तू. जिन्याच्या पट्ट्यांवरून बाबांचं पाऊल बरोबर पडताना दिसलं की त्या ट्रेनिंगवाल्यांना मी दुवा द्यायचे. काय योगायोग, म्हणायचे.

बाबा गेले त्या दिवशी एअरपोर्टवर समीरने त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगितली होती. बाबा जरा चिडले, मी काय म्हातारा आहे का? समीर म्हणाला, रांगेत थांबावं लागत नाही, सगळे हीच ट्रिक करतात. ते पटलं आणि ते ऐटीत बसले.

डिसेंबरात नाटक झालं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आमच्या सकाळीच फोन आला. दुसऱ्या अंकात एक स्पॉट गेला, पण भागवलं, असं मला सांगून म्हणाले, आता समीरला दे. मी फोन देऊन स्वयंपाकघरात गेले, ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला आणि मग कान देऊन ऐकलं. समीर म्हणाला, बरं. मग म्हणाला, हो. मग म्हणाला, थेंब घेताय ना वेळेवर. आणि मग त्याने विचारलं, "नाटक कसं झालं?"

हा प्रश्न त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचारला असेल, पण तेव्हा माझं लक्षच नव्हतं. मला वाटलं होतं तो हादरेल, चिडेल, माझ्यावरही ओरडेल. त्याने फोन ठेवला आणि टोस्टला बटर लावलं. इतकंच? मी विचारलं. तर म्हणाला, मग काय करू, ते मॅनेज करतायत ना. वंदनाताईला त्याने फोन केला, पण बाबांना घेऊन जा असं म्हणाला नाही. सांगलीच्या बाथरूममध्ये धरायला दांडी बसव, एवढंच म्हणाला. माझा नवरा दगड आहे, असं मी त्या दिवशी ठरवलं. आणि खरं सांगायचं तर तीन वर्षं, बाकी सगळं छान चाललेलं असताना, हे मी मनातून काढलं नव्हतं.

बाबा अजून सांगलीतच आहेत. थेंब चालू आहेत, मधलं स्टेज अजून शाबूत आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. ते फोन तोंडाच्या बरोबर समोर धरतात, नाकाला लागेल इतका जवळ, आणि आम्ही दोघं त्यांना दिसावं म्हणून डोक्याला डोकं लावून बसतो.

यंदा आम्ही जिन्याला कार्पेट घालायचं ठरवलं. म्हणजे मी ठरवलं. गेल्या रविवारी, घड्याळं मागे झाली त्या सकाळी, मी बोथट सुरी घेऊन पायऱ्यांवरच्या जुन्या पट्ट्या खरवडायला बसले. कडा मळून काळ्या झाल्या होत्या, मधून मधून सुटल्या होत्या. तीन पायऱ्या झाल्या असतील, समीर खालून म्हणाला, "राहू दे त्या."

मी म्हटलं, कार्पेट घालायचंय ना. तो म्हणाला, कार्पेटही राहू दे, कार्पेटवर टेप चिकटत नाही. मी सुरी मांडीवर ठेवली. टेप कशाला हवी आहे आता, विचारलं, परत ट्रेनिंग आहे का?

समीर सगळ्यात खालच्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसला.

"विंगेत अंधार असतो," तो म्हणाला. "नटाला पायरी दिसावी म्हणून काठाला पांढरी पट्टी लावतात. आमच्याकडे कपाटात रोलच्या रोल असायचे."

मला कळायला थोडा वेळ लागला. चुका शोधायचा पगार घेणारी मी. पहिल्याच आठवड्यात त्याने बाबांना जिना उतरताना पाहिलं होतं. टाच मागे घासून पायरीचा काठ चाचपत उतरताना. मग एकदा मेतकूट शोधताना बाटल्या सापडल्या. त्यावरचं नाव त्याने वाचलं, सगळी माहिती काढली आणि डबा होता तसा ठेवून दिला.

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? बोललो असतो तर काहीतरी करावं लागलं असतं, तो म्हणाला. त्यांना पुण्याला पाठवावं लागलं असतं, आणि पाठवलं नसतं तर वंदनाताईने मला सोडलं नसतं. त्यांना वाटत होतं कोणाला माहीत नाही. वाटू दे, म्हटलं.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, मुग्धा. त्या मंगळवारी तुला कळलं, तेही दिसलं."

मी तिथेच बसून राहिले, आठव्या का नवव्या पायरीवर, सुरी मांडीवर. एवढ्याशा घरात तीन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत राहिलो. मला वाटत होतं की बाबा माझ्या भरवशावर निभावतायत, मी धरलेल्या त्या एवढ्याशा मेणबत्तीवर. आणि सगळा वेळ आमचा माणूस चौकटीच्या बाहेर चालत होता, पायाखालच्या वायरी सांभाळत, ऑपरेशन थिएटरचे दिवे घेऊन. मला त्याचा राग आला, तीन वर्षं त्याने मला त्याला दगड समजू दिलं म्हणून. आणि माया इतकी आली की मी खाली उतरून त्याच्या पाठीला डोकं टेकलं. तो म्हणाला, सुरी लागतेय.

त्याने बजावलं, मला आधीच माहीत होतं हे बाबांना कळू देऊ नकोस. त्यांनी त्या फोनवर मोठ्या हिमतीने सांगितलं होतं, त्याची मजा जाईल. मी कबूल केलं. मला सवय होतीच.

दुपारी नेहमीप्रमाणे कॉल लागला. सांगलीत रात्रीची जेवणं व्हायची होती. बाबांचं नाक, मग चेहरा. हवामान झालं, टायर झाले. आज काय केलंत, त्यांनी विचारलं. आणि मी, दिवसभर डोक्यात तेच असल्यामुळे, बोलून गेले की जिन्यावरच्या पट्ट्या सुटायला आल्यात, त्या काढत होते.

समीरने माझ्या पायावर पाय दिला.

"सगळ्या काढू नकोस," बाबा म्हणाले. "मे महिन्यात येतोय मी. समीरला म्हणावं नवीन लावून ठेव, पण पट्टी अगदी काठावर हवी. खालून दुसऱ्या पायरीची त्याने बोटभर आत लावली होती. सहा महिने तेवढी एक पायरी मी मोजून भागवली."

समीर उठून ड्रॉवरमध्ये टेप शोधायला लागला.